वसई-चौलचा इतिहास लिहिणारे डॉक्टर : जुझे गर्सन दा कुन्हा

मुरबाड तालुक्यात पावसाळ्यात पडणारे पाणी शेवटी कुठे जाते, हे आपल्या घरातील मुलांना एकदा विचारून पाहा. काळू नदीत, असे उत्तर मिळेल. शहापूरकडची मुले भातसा म्हणतील. काळू आणि भातसा या दोन्ही नद्या उल्हास नदीला मिळतात, आणि उल्हासचे पाणी पुढे वसईच्या खाडीतून वाहत जाऊन वसईच्या किल्ल्यालगत अरबी समुद्राला मिळते. आपल्या शेतातून निसटलेले पाणी ज्या दाराने समुद्रात जाते, ते दार वसईचे आहे.

पाण्याप्रमाणे मालाचीही वाट आपल्याकडून जात असे. जुन्नर व पैठणकडचे व्यापारी नाणेघाटाने कोकणात उतरत आणि आजच्या वैशाखरे गावाच्या बाजूने कल्याण व सोपारा या बंदरांकडे जात. घाटातील सातवाहनांचे शिलालेख आणि दगडी रांजण आपणांपैकी अनेकांनी पाहिले असतील. सहलीला गेलेली मुले रांजणापाशी उभी राहून फोटोही काढतात. परंतु ती वाट ज्या बंदरांसाठी होती, त्या बंदरांचे पुढे काय झाले, तेथे कोण आले, कोण राहिले व कोण गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

एकोणिसाव्या शतकात या जुन्या बंदरांपैकी दोघांचा, म्हणजे वसई आणि चौल यांचा इतिहास मोठ्या कष्टाने गोळा करून एका गृहस्थाने ग्रंथरूपाने मांडला. हे गृहस्थ वसईचे नव्हते, चौलचेही नव्हते. इतिहास हा त्यांचा पोटापाण्याचा धंदाही नव्हता. ते होते मुंबईत दवाखाना चालविणारे एक गोमंतकीय डॉक्टर. त्यांचे नाव डॉ. जुझे गर्सन दा कुन्हा. आज त्यांच्या जीवनाची व कार्याची ओळख आपण करून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

दा कुन्हा यांचा जन्म २ फेब्रुवारी १८४४ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात हडफडे या गावी झाला. गोव्यात त्या वेळी पोर्तुगालचे राज्य होते. सरकारदरबारी पोर्तुगीज, चर्चमध्ये लॅटिन, आणि घरात व बाजारात कोंकणी अशी तेथील रीत होती. उच्च शिक्षण घेऊन पुढे येण्याची इच्छा असलेल्या अनेक गोमंतकीय तरुणांप्रमाणे दा कुन्हा यांनीही मुंबईची वाट धरली. मुंबईत इंग्रजांचे राज्य होते, भाषा वेगळी होती, कायदा वेगळा होता. एका परक्या राज्यातून दुसऱ्या परक्या राज्यात जाऊन शिकायचे, असा तो प्रकार होता.

१८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. नंतर ते विलायतेस गेले आणि इंग्लंड व स्कॉटलंड येथील वैद्यकीय पदव्या मिळवून परत आले. मुंबईत त्यांनी दवाखाना थाटला आणि अखेरपर्यंत रुग्णसेवा केली.

१८७१-७२ च्या सुमारास मुंबईत डेंग्यूची मोठी साथ आली होती. त्या आजाराचा इतिहास, लक्षणे व उपचार यांवर दा कुन्हा यांनी १८७२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. डेंग्यू डासांमार्फत पसरतो ही गोष्ट त्या काळी जगात कोणालाच माहीत नव्हती. ती विसाव्या शतकात सिद्ध झाली. तरीही समोर आलेल्या आजाराची नीट टिपणे ठेवावीत, पूर्वी तो कुठे व कधी आला होता हे शोधावे आणि मग त्यावर बोलावे, ही त्यांची पद्धत त्या पुस्तकाच्या विषयातूनच ध्यानात येते. रोग्याची हकीकत विचारण्याची हीच सवय पुढे त्यांनी पडक्या शहरांनाही लावली, असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

दवाखाना आणि टाउन हॉल

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ग्रंथालय होते. आज त्याच संस्थेला आपण एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई म्हणतो. इंग्रज अधिकारी आणि मोजके एतद्देशीय विद्वान तेथे जमत आणि निबंध वाचत. त्यापूर्वीच्या पिढीतील डॉ. भाऊ दाजी लाड हेही मूळचे गोमंतकीय, ग्रँट मेडिकल कॉलेजचेच डॉक्टर आणि शिलालेखांचे गाढे अभ्यासक होते. १८७४ साली त्यांचे निधन झाले. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली खणून काढणारे आणि नाणेघाटाच्या लेखांवर काम करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी हे दा कुन्हा यांचे समकालीन होते. अशा मंडळींच्या त्या काळात दिवसा रोगी पाहणारा हा डॉक्टर उरलेला वेळ जुन्या पोथ्या, नाणी आणि कागद यांत घालवीत असे.

१८७५ मध्ये त्यांनी सिलोनमधील बुद्धाच्या दंतावशेषाच्या इतिहासावर एक लहान ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७६ साली, ज्या ग्रंथामुळे आपल्या भागात त्यांचे नाव राहिले तो चौल व वसईच्या इतिहासाचा आणि प्राचीन अवशेषांचा ग्रंथ मुंबईत छापला गेला.

वसई आणि चौल

वाचकहो, हे काम किती अवघड होते याची कल्पना करा. वसई ही प्रथम गुजरातच्या सुलतानांकडे होती. १५३४ साली सुलतान बहादुरशहाने तह करून ती पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे ते पोर्तुगीजांचे उत्तरेकडील मुख्य ठाणे होते. तटाच्या आत चर्चे, मठ आणि श्रीमंत घराण्यांचे वाडे उभे राहिले. आसपासच्या जंगलांतील लाकडावर तेथे जहाजे बांधली जात. वसईच्या खाणींतला कठीण दगड तर थेट गोव्यापर्यंत जाऊन तेथील चर्चना लागला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी मोठ्या लढाईनंतर वसई जिंकली. १८०२ साली याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. एका गावावर चार सत्तांची छाया, आणि प्रत्येक सत्तेची कागदपत्रे वेगळ्या भाषेत व वेगळ्या दप्तरात!

चौलची कथा याहूनही जुनी आहे. पहिल्या शतकातील ग्रीक खलाशांच्या माहितीपुस्तकात सोपारा व कल्याण यांच्याबरोबर चौलचेही नाव येते. अरब लोक त्याला सैमूर म्हणत. हिजरी सन ३०४ च्या, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास प्रसिद्ध अरब प्रवासी मसूदी तेथे आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नमूद केले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले होते, तसेच याच भूमीत जन्मलेलेही होते. तेथील राजाने त्यांच्यातीलच एका प्रतिष्ठित माणसाला त्यांचे तंटे सोडविण्याचा अधिकार दिला होता. म्हणजे कोकणच्या या किनाऱ्यावर आपल्या समाजाची वस्ती हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिची साक्ष एका प्रवाशाच्या टिपणात जपली गेली आहे. पुढे चौल निजामशाहीत आले. १५२१ साली निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी तेथे किल्ला बांधला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने त्याला मोठा वेढा घातला. १७४० मध्ये चौलही मराठ्यांकडे गेले.

दा कुन्हा यांनी या दोन्ही गावांचा माग काढताना ग्रीक व अरब प्रवाशांचे वृत्तान्त, पोर्तुगीज बखरकारांचे ग्रंथ आणि इंग्रजांच्या नोंदी यांची सांगड घातली. पोर्तुगीज ही तर त्यांची शाळेतली भाषा होती. सुदैवाने त्याच सुमारास गोव्यात जोआकिम दा कुन्हा रिवारा नावाचे एक पोर्तुगीज विद्वान सरकारी दप्तरातील जुने कागद छापून काढीत होते. १८५५ साली सरकारी चिटणीस म्हणून गोव्यात आलेल्या रिवारांनी १८५७ पासून पुढे अनेक भागांत ते कागद प्रसिद्ध केले. पूर्वी एखाद्या कपाटात वाळवीच्या तोंडी पडलेली पत्रे त्यामुळे कोणालाही वाचता येऊ लागली. एकाने दप्तर उघडले आणि दुसऱ्याने त्यातून इतिहास उभा केला, असा हा योग जुळून आला.

केवळ पुस्तकांवर त्यांनी भागविले नाही. पडक्या चर्चमधील फरशांवर, थडग्यांवर आणि दरवाजांवर कोरलेले पोर्तुगीज व लॅटिन लेख हीही त्यांच्या इतिहासाची साधने होती. कोणत्या वर्षी कोण वारला, कोणी कोणती भिंत बांधली, असा मजकूर त्यांत असे. दगड मजबूत असतो असे आपण म्हणतो. पण दगड झिजतो, झाडाच्या मुळाने फुटतो, कोणी तो उचलून आपल्या घराच्या पायरीला लावतो. कागदावर उतरलेली नक्कल मात्र मागे राहते.

या ग्रंथाचा उपयोग लगेचच झाला. १८८२ साली मुंबई सरकारने ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. मुरबाड व शहापूर तालुक्यांची माहितीही त्याच गॅझेटियरमध्ये आहे. त्यातील वसईच्या भागात दा कुन्हा यांच्या ग्रंथाचा आधार पदोपदी घेतलेला दिसतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई त्यात गेली. कारभाराच्या सीमा अशा बदलत असतात. पण वसईचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला आजही दा कुन्हांच्या पुस्तकापाशी यावेच लागते.

एका पोथीची गोष्ट

१८७७ साली त्यांनी आणखी एक धाडसाचे काम केले. स्कंदपुराणाचा भाग समजल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंड या संस्कृत ग्रंथाची अनेक हस्तलिखिते मिळवून त्यांनी ती एकमेकींशी ताडून पाहिली आणि पाठभेदांसह तो ग्रंथ छापला. या ग्रंथात परशुरामाने समुद्र हटवून कोकणची भूमी मिळविल्याची आणि तेथे व गोमंतकात लोकांना वसविल्याची कथा आहे. त्याचबरोबर निरनिराळ्या जातींच्या उत्पत्तीच्या कथाही आहेत. त्यांतील काही कथा काही जातींना अतिशय अपमानकारक वाटत. त्यामुळे या पोथीवर रोष होता, तिच्या प्रती नष्ट करण्याचे प्रयत्न झाले होते, आणि ज्यांच्याकडे ती होती ते ती सहजासहजी दाखवीत नसत.

अशा वेळी दोन सोपे मार्ग होते. पोथी पुरून टाकणे हा एक, आणि आपल्याला आवडतील तेवढेच श्लोक ठेवणे हा दुसरा. दा कुन्हा यांनी दोन्ही टाळले. एका प्रतीत असे आहे, दुसरीत तसे आहे, हे त्यांनी वाचकांसमोर ठेवले. छापून आल्यामुळे त्या कथांना सत्य मानण्याचे कारण नाही. उलट, ग्रंथ सर्वांसमोर आल्यावर त्यात जुने किती, मागाहून घुसडलेले किती आणि कोणी कोणाला कमी लेखण्यासाठी काय रचले, हे तपासणे शक्य झाले. पुढच्या काळातील संशोधकांनी नेमके तेच केले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दा कुन्हा हे ख्रिस्ती. ग्रंथ हिंदूंचा, भाषा संस्कृत. धर्म बदलला तरी गोव्यातील अनेक ख्रिस्ती घराण्यांनी आपल्या जुन्या मूळपुरुषांची आठवण जपली होती, आणि त्या मुळांची ओढ या कामामागे नक्कीच असेल. पण आपल्या गावच्या मातीचा इतिहास कळण्यासाठी जे वाचावे लागेल ते वाचायचे, मग ते कोणाच्याही देव्हाऱ्यातील असो, हा बाणा त्यांनी आयुष्यभर पाळला.

नाणी, भाषा आणि फ्लॉरेन्स

नाण्यांचा त्यांना विलक्षण नाद होता. त्यांच्या संग्रहात हजारो नाणी होती व १८८८-८९ मध्ये त्यांनी त्यांची सूची छापली. त्याआधी १८८० पासून भारतातील पोर्तुगीज नाण्यांवर त्यांनी लेखमाला लिहिली होती. विद्यार्थी मित्रांनो, जुने नाणे म्हणजे केवळ धातूचा तुकडा नव्हे. त्यावरील राजाचे नाव सत्ता कोणाची ते सांगते, टांकसाळीची खूण ते कुठे पडले ते सांगते, आणि एका राज्यातील नाणे दुसऱ्या राज्यात सापडले तर व्यापार कुठवर चालत होता तेही समजते. गरिबांच्या हातात खेळणाऱ्या बझारूक नावाच्या हलक्या नाण्यापासून सोन्याच्या नाण्यांपर्यंत सर्वांची दखल अशा अभ्यासात घ्यावी लागते.

१८७८ साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी प्राच्यविद्येच्या पंडितांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. युरोपातील विद्वान तेथे भारताविषयी बोलणार होते. त्यांच्यात मुंबईहून गेलेले दा कुन्हा हे भारतातून आलेले विद्वान म्हणून सामील झाले. परिषदेचे एक सूत्रधार, संस्कृतचे अध्यापक आंजेलो दे गुबेर्नातिस यांच्याशी तेथे त्यांची ओळख झाली आणि ती आयुष्यभर टिकली. १८८५-८६ मध्ये गुबेर्नातिस भारतात आले तेव्हा दा कुन्हा यांनी त्यांचा पाहुणचार केला आणि त्यांना मोलाचे साहाय्य केले. १८८६ साली फ्लॉरेन्समध्ये उघडलेल्या भारतीय वस्तूंच्या संग्रहालयामागे या मैत्रीचाही हात होता.

भाषेच्या बाबतीत त्यांनी १८८१ साली कोंकणी भाषा व वाङ्मय यांवर पुस्तक लिहिले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून गोव्यातील लोकांना कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलण्यास सांगितले होते. शिकलेल्या लोकांतही कोंकणीबद्दल कमीपणाची भावना शिल्लक होती. रिवारांनी १८५८ मध्ये कोंकणीच्या बाजूने लेखणी उचलली होती. दा कुन्हा यांनी त्या कामात भर घातली. युरोपच्या सभांत मानाने बसणाऱ्या या विद्वानाने आपल्या घरातील भाषेवर पुस्तक लिहिण्यात कमीपणा मानला नाही.

अखेरचा ग्रंथ

त्यांचा अखेरचा मोठा ग्रंथ मुंबईच्या उत्पत्तीवर आहे. तो १९०० साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाचा खास अंक म्हणून निघाला. मुंबईची बेटे, तेथील कोळी, जुनी मंदिरे, माहीमची वस्ती, पोर्तुगीजांच्या काळातील जमीनदारी आणि १६६१ च्या विवाहकराराने इंग्रजांकडे गेलेले बेट, असा मोठा पट त्यांनी त्यात मांडला. १५६३ साली गोव्यात ज्यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ छापला गेला आणि ज्यांच्याकडे एके काळी मुंबई बेट खंडाने होते, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्यांबद्दलही त्यात लिहिले आहे.

मुंबईचे इंग्रजी नाव पोर्तुगीज भाषेतील चांगला उपसागर या अर्थाच्या शब्दांवरून पडले, असे अनेक लोक सांगत आले आहेत. पण ते पोर्तुगीज व्याकरणात बसत नाही. त्या भाषेत उपसागर हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून त्याच्यापुढे बोम न येता बोआ यायला हवे. नावाचे मूळ कोळ्यांच्या मुंबादेवीत आहे. पोर्तुगीज उत्तम जाणणाऱ्या दा कुन्हा यांनीही मुंबादेवीकडेच बोट दाखविले. ज्या भाषेत आपण शिकलो तिच्या मोठेपणासाठी त्यांनी पुरावा वाकविला नाही.

हा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, ३ जुलै १९०० रोजी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय त्या वेळी ५६ वर्षांचे होते.

त्यांच्या लिखाणात उणिवा नाहीत असे नाही. त्यांच्या पानांवर सरदार, कप्तान आणि पाद्री जितके भेटतात तितके शेतकरी, आगरी, कोळी किंवा जंगलातील लाकूड तोडणारे आदिवासी भेटत नाहीत, कारण ज्या कागदांवरून ते लिहीत होते ते कागदच मोठ्या लोकांनी लिहिलेले होते. त्यांनंतर झालेल्या संशोधनाने त्यांतील काही तर्क मागे पडले. परंतु पुढच्यांना चूक दाखविता यावी इतकी स्पष्ट मांडणी त्यांनी करून ठेवली, हेही लहान काम नव्हे.

आपण काय करू शकतो?

पालकहो, आता आपल्या घराकडे वळू या. मुरबाड-शहापूरच्या कितीतरी घरांतील पेट्यांत मोडीतील खरेदीखते, फारसी शिक्क्यांचे कागद, उर्दूतील पत्रे, वंशावळीची पाने पडून असतील. घर बांधताना किंवा दिवाळी-ईदच्या साफसफाईत असे कागद रद्दीत जातात. वाचता येत नाही म्हणून ते निरुपयोगी समजले जातात. कृपा करून ते फेकू नका. कोरड्या कापडात बांधून ठेवा, मोबाईलवर त्यांचे फोटो काढून ठेवा, आणि वाचणारा माणूस शोधा. मुलाला मराठी, उर्दू, इंग्रजी यांपैकी एखादी भाषा ओझे वाटत असेल तर त्याला दा कुन्हांचे उदाहरण सांगा. पोर्तुगीज येत होती म्हणून त्यांना वसईचे कागद उघडता आले, आणि संस्कृत येत होती म्हणून कोकणची पोथी उघडता आली. घरात उर्दू आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाकडे दोन दप्तरांच्या किल्ल्या आधीच आहेत. मोडी लिपी तर मराठी येणाऱ्याला थोड्या सरावाने शिकता येते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला डॉक्टर व्हायचे असेल, इंजिनिअर व्हायचे असेल, तर जरूर व्हा. पण येत्या सुटीत एक वही घ्या. गावातील जुनी विहीर, मशीद, मंदिर, दर्गा, कबरस्तानातील लेख, महालक्ष्मीसारख्या जुन्या जत्रा किंवा म्हसेचा बैलबाजार, यांपैकी कशाचीही माहिती लिहा. दगडावर जे अक्षर असेल ते जसेच्या तसे उतरवा. न लागलेल्या अक्षराच्या जागी मनाचे अक्षर घालू नका. वडीलधाऱ्यांपैकी दोघांनी दोन वेगवेगळ्या हकीकती सांगितल्या तर दोन्ही लिहा आणि कोणी कोणती सांगितली तेही लिहा. कातकरी व ठाकूर वाड्यांतील म्हाताऱ्यांनाही विचारा. जुन्या पायवाटा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक नसतात, आणि दा कुन्हांच्या ग्रंथात जी माणसे राहून गेली ती तुमच्या वहीत येतील. शेवटी तारीख घाला आणि वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.